किती क्लिक, किती प्रती

अमरावतीत किंवा अकोल्यात स्वखर्चाने पुस्तक छापणाऱ्या लेखकाला खर्चाचा हिशेब तोंडपाठ असतो. डीटीपीचे पानामागे किती पडले, कागद कोणत्या भावाने मिळाला, मुखपृष्ठ करणाऱ्याला किती दिले, बायंडरची उधारी किती राहिली आणि प्रकाशन समारंभात हॉल, हारतुरे, चहा-चिवडा यांवर किती गेले, हे तो विचारल्याबरोबर सांगतो. खप किती झाला हेही पलंगाखालच्या उरलेल्या गठ्ठ्यांवरून सांगतो. मात्र ज्या शे-दीडशे प्रती विकल्या गेल्या, त्यांतली कोणती कशामुळे गेली असे विचारले की उत्तर धूसर होते. फेसबुकवर टाकले होते, ओळखीने गेल्या, पेपरात परीक्षण आले होते. तिन्ही उत्तरे खरी असू शकतात, आणि पुढचे पंधराशे रुपये कशावर घालायचे हे ठरवायला तिन्ही निरुपयोगी आहेत. या धूसरपणावरचा उपाय म्हणून हल्ली ट्रॅकिंग लिंकचे नाव घेतले जाते. प्रत्येक ठिकाणी खूण केलेली वेगळी लिंक द्या, कोणत्या लिंकवर किती लोक आले ते पाहा आणि त्यावरून जाहिरात ठरवा, असा तो सल्ला. सल्ला चुकीचा नाही, पण ज्या बाजारासाठी तो तयार झाला तो बाजार वऱ्हाडातला नाही. इथल्या लेखकाला ही युक्ती उपयोगी पडायची असेल तर खूण क्लिकवरून उचलून मागणीवर आणावी लागते. असे केले तर मोबाइल आणि एक वही एवढ्यात काम भागते. न केले तर आकड्यांची चळत उभी राहते आणि गठ्ठे तिथेच राहतात.

खूण करून मोजण्याची कल्पना इंटरनेटच्या फार आधीची. अमेरिकेत टपालाने माल विकणारे व्यापारी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत कापून पाठवायचे कूपन छापत आणि प्रत्येक पत्राच्या कूपनावर वेगळा सांकेतिक आकडा घालत. कूपन परत आले की ते कोणत्या पत्रातून आले हे कळे. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या १९२३ च्या पुस्तकात याच पद्धतीचा पुरस्कार केला. आजची खूण म्हणजे लिंकच्या शेपटीला जोडलेले काही शब्द: लिंक कुठून आली, कोणत्या माध्यमातून आली, कोणत्या मोहिमेची आहे. यांना यूटीएम म्हणतात. त्यातला ‘यू’ अर्चिन या कंपनीचा, जी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि जिच्यातून पुढे गूगल ॲनालिटिक्स उभे राहिले. कूपन आणि यूटीएम यांत एक मोठा फरक आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. कूपन पैशांसकट परत येई. ते हातात पडले तेव्हा विक्री झालेली असे. यूटीएमची खूण विक्रीच्या बरीच आधी, दाराशीच नोंदली जाते. आत शिरलेल्याने काही घेतले की नुसते पाहून तो परत गेला, हे दुकानाच्या मालकाला कळते, लिंक वाटणाऱ्याला नाही.

इथे स्वयंप्रकाशित लेखकाची नेमकी अडचण होते, कारण दुकान त्याचे नसते. ॲमेझॉनवरच्या आपल्या पुस्तकाच्या लिंकला यूटीएमची शेपटी जोडून कितीही ठिकाणी वाटली, तरी ती नोंद वाचण्याची सोय लेखकाकडे नसते. मराठी पुस्तके विकणाऱ्या इतर संकेतस्थळांचेही तेच. विक्रीचा आकडा कळतो, गिऱ्हाईक कुठून आले ते सहसा कळत नाही. ॲमेझॉनच्या केडीपी सेवेतून मराठी ई-पुस्तक काढता येते, पण भारतातल्या गिऱ्हाइकाला तिच्यामार्फत छापील प्रत विकता येत नाही, आणि ई-पुस्तकाच्या विक्रीतक्त्यातही वाचक कोणत्या लिंकवरून आला याचा रकाना नाही. ॲमेझॉनचा असोसिएट दुवा घेतला तर त्यातून झालेल्या ऑर्डरी दिसतात, पण छापील पत्रकात आणि ईमेलमध्ये तो वापरायला त्यांच्या नियमांची मनाई आहे. शेवटी उरते ती लिंक छोटी करून देणारी सेवा. ती क्लिक मोजते. क्लिक म्हणजे माणूस नव्हे. फेसबुकवर लिंक टाकली की तिचे चित्र-मथळा दाखवण्यासाठी फेसबुकचे यंत्रच आधी तिथे जाऊन येते. काही कार्यालयांत ईमेलमधली प्रत्येक लिंक सुरक्षेसाठी यंत्र उघडून पाहते. एकच माणूस सकाळी फोनवर आणि संध्याकाळी संगणकावर येतो. छोट्या लिंकच्या सेवा यातली काही यंत्रे गाळतात, सगळी नाही. उलट बाजूने, खूण न केलेली लिंक व्हॉट्सॲपमधून उघडली की तो वाचक ‘डायरेक्ट’ या रकान्यात पडतो, म्हणजे कुठूनही आलेला नाही असे दिसते. अशा खासगी गप्पांमधून होणाऱ्या न दिसणाऱ्या प्रसाराला अमेरिकी पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. वऱ्हाडात पुस्तकाची जवळजवळ सगळी बोलाचाली याच अंधारात होते.

स्वतः छापलेले पुस्तक अमरावती-अकोल्यात कसे विकले जाते ते पाहू. कोणीतरी शिक्षकांच्या, निवृत्त बँकवाल्यांच्या किंवा एखाद्या गुरुदेव सेवा मंडळाच्या ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकतो. खाली लेखकाचा नंबर असतो. वाचक फोन करतो किंवा मेसेज टाकतो: ‘सर, पुस्तक कसं मिळेल?’ लेखक किंमत सांगतो, वाचक फोन पे किंवा गूगल पे करून स्क्रीनशॉट आणि पत्ता पाठवतो, लेखक पाकीट बांधून पोस्टात टाकतो. गावातलाच वाचक असेल तर प्रत कोणाच्या तरी हाती पाठवली जाते. या व्यवहारात संकेतस्थळ कुठेच नाही. मग खूण तिथे लावायची जिथे खरे दार आहे, म्हणजे मेसेजवर. व्हॉट्सॲपमध्ये त्यासाठी ‘क्लिक टू चॅट’ची सोय आहे. लेखकाचा नंबर आणि आधीच लिहून ठेवलेला मजकूर असलेली लिंक तयार करता येते. ती दाबली की वाचकाच्या फोनवर लेखकाची चौकट उघडते आणि त्यात वाक्य आयते दिसते: ‘नमस्कार, मला पुस्तक हवे आहे – अकोला ग्रंथोत्सव.’ वाचकाने फक्त पाठवायचे. फेसबुकसाठी वाक्याचे शेवटचे दोन शब्द वेगळे, शिक्षकांच्या ग्रुपसाठी वेगळे, परीक्षणाच्या कात्रणाखाली वेगळे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये प्रत्येक चॅटला रंगीत लेबल लावता येते, त्यामुळे महिन्याअखेरीस मोजणीही बसल्या जागी होते. हे जुने कूपनच झाले, विक्रीच्या उंबऱ्यावर हातात पडणारे. ज्याने मेसेज पाठवला तो माणूस आहे, यंत्र नाही, आणि त्याला पुस्तक हवे आहे.

यात काही बारीक खाचा आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. आयता मजकूर देवनागरीत असला की लिंकच्या आत प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीचे नऊ-नऊ चिन्हांत रूपांतर होते. नुसता ‘अकोला’ पंचेचाळीस चिन्हे खातो, ‘अमरावती’ त्रेसष्ट. चार शब्दांचे वाक्य लिहिले तर लिंक तीन ओळींची होते आणि ग्रुपवर ती एखाद्या फसवणुकीच्या मेसेजसारखी दिसते. तिचा क्यूआर कोड केला तर त्यातली चौकटींची जाळी इतकी दाट होते की नखाएवढ्या आकारात छापल्यास साध्या फोनला वाचता येत नाही. म्हणून वाक्य छोटे ठेवावे आणि खूण एका अक्षर-आकड्याची असावी. ती वाक्यातच मुरलेली असावी, नाहीतर काही चोखंदळ वाचक पाठवण्याआधी तो विचित्र आकडा खोडून टाकतात. यूटीएम वापरायचेच असेल तर आणखी एक खाच. तिथे रोमन लिपीच सोयीची पडते आणि आपल्या अमरावतीचे रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. ‘म’नंतरचा ‘ए’ कोणी घालतो, कोणी गाळतो, पहिले अक्षर कोणी मोठे लिहितो, कोणी लहान. गूगल ॲनालिटिक्सला लहान-मोठ्या अक्षराचाही भेद कळतो, त्यामुळे एकाच अमरावतीच्या तीन अमरावत्या होतात आणि प्रत्येकीचा आकडा नगण्य दिसतो. खुणांची यादी आधी वहीत लिहून मग लिंका कराव्यात.

आता हिशेब कसा बदलतो ते कल्पित आकड्यांनी पाहू. समजा पुस्तकाची किंमत २५० रुपये, छपाईचा खर्च प्रतीमागे १०० आणि पाकीट-टपालाचे ३०. हाती राहतात १२०. फेसबुकवर १,५०० रुपयांची जाहिरात केली, ६०० क्लिक आले आणि चार मागण्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांच्या ग्रुपवर फुकट टाकलेल्या लिंकवर ४० क्लिक आणि सहा मागण्या. क्लिकांच्या तक्त्यात फेसबुक पंधरापट मोठे दिसते. वहीत मात्र फेसबुकने ४८० रुपये मिळवून दिले आणि १,५०० खाल्ले, म्हणजे १,०२० ची खोट. मुख्याध्यापकांच्या एका मेसेजने ७२० रुपये आणले. क्लिक मोजणारा लेखक पुढच्या महिन्यात जाहिरातीची रक्कम वाढवील. मागण्या मोजणारा त्या मुख्याध्यापकांना फोन करून आणखी दोन ग्रुपांचे नाव विचारील. एकाच घटनेचे दोन हिशेब आहेत आणि त्यांतून दोन उलटे निर्णय निघतात. पुस्तक दुकानात ठेवायचे की नाही याचाही निर्णय याच वहीतून होतो. विक्रेत्याला तीस ते पन्नास टक्के कमिशन द्यावे लागत असेल, तर त्या दुकानातून जाणारी प्रत नवा वाचक आणते की आपल्याकडे थेट येणारा वाचकच तिकडे वळतो, हे कळले पाहिजे.

मोजणीतून सर्वांत आधी ज्या प्रकाराची झडती घ्यायला हवी तो म्हणजे ‘सप्रेम भेट’. मराठी स्वयंप्रकाशित पुस्तकाचा जाहिरातखर्च फेसबुकवर थोडा आणि या दोन शब्दांखाली फार होतो. प्रकाशन समारंभातले पाहुणे, प्राध्यापक, संपादक, समीक्षक, नातेवाईक, वर्गमित्र आणि ज्यांना दिले नाही तर वाईट वाटेल असे सर्वजण. तीनशेच्या आवृत्तीतल्या ऐंशी प्रती अशा गेल्या तर वरच्याच कल्पित हिशेबाने आठ हजार रुपयांची छपाई फुकट वाटली गेली. हा खर्च कोणी जाहिरात म्हणून लिहीत नाही, म्हणून त्याचे फळही कोणी विचारत नाही. भेटप्रतीत एक छोटी चिठ्ठी घालावी, तिच्यावर वेगळ्या खुणेचा क्यूआर असावा आणि ‘पुस्तक आवडल्यास मित्रांना कळवा’ एवढे वाक्य. प्राध्यापकांना दिलेल्या प्रतींची खूण एक, संपादकांना दिलेल्यांची दुसरी. सहा महिन्यांनी कोणत्या गटातून किती मागण्या आल्या ते दिसते. काही प्रती रद्दीच्या दुकानात सापडतील आणि तिथून कोणी तो कोड स्कॅन केला तर तीही माहितीच. भेट देणे बंद करा असे इथे म्हणायचे नाही. नात्यासाठी दिलेली भेट नात्यासाठीच असते आणि तिचा हिशेब करणे हलकेपणाचे आहे. पण प्रसारासाठी म्हणून दिलेल्या प्रतीने प्रसार केला का, हे विचारण्यात हलकेपणा नाही.

यावर पहिला आक्षेप आकडेशास्त्राचा, आणि तो जड आहे. ज्याची आवृत्तीच तीनशेची, त्याच्या मागण्या दहा-वीस-पन्नास. इतक्या लहान आकड्यांवरून काय ठरवणार? शंभर लोकांनी एक लिंक पाहून तिघांनी पुस्तक मागवले आणि दुसरी पाहून सहा जणांनी, तर दुसरी दुप्पट चांगली असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन्ही लिंका सारख्याच असूनही निव्वळ योगायोगाने असा फरक सहज पडू शकतो. काहीच आले नाही तेव्हासाठी एक सोपा ठोकताळा आहे, त्याला तीनचा नियम म्हणतात. पन्नास जणांनी पाहिले आणि एकही मागणी आली नाही, तर खरे प्रमाण शून्यच असेल असे नाही. तीन भागिले पन्नास, म्हणजे शेकडा सहापर्यंतही ते असू शकते. तेव्हा पन्नास क्लिकांवर एखादा मार्ग बाद करणे घाईचे. पण आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष एवढाच की बारीक फरक मोजू नयेत. निळे मुखपृष्ठ की तांबडे, सकाळी मेसेज की रात्री, हे खेळ लाखोंनी विकणाऱ्यांसाठी आहेत. ढोबळ फरक मात्र लहान आकड्यांतही लपत नाहीत. एका मार्गाने सहा महिन्यांत चाळीस मागण्या आल्या आणि दुसऱ्याने दोन, तर शंकेला जागा उरत नाही. वऱ्हाडातल्या लेखकापुढचे प्रश्न बहुधा ढोबळच असतात: स्टॉल लावायचा की नाही, जाहिरात द्यायची की नाही, पुण्याच्या विक्रेत्याकडे पन्नास प्रती पाठवायच्या की नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. वाचक जाहिरात इथे पाहतो आणि पुस्तक तिथे घेतो. फेसबुकवर मुखपृष्ठ तीनदा डोळ्यांखालून गेले, म्हणून चौथ्यांदा स्टॉलवर हात पुढे झाला. खूण मात्र स्टॉलची लागली आणि फेसबुक फुकट बदनाम झाले. हे घडते, आणि कोणतीही लिंक ते पकडू शकत नाही. उपाय दोन आहेत. एक अगदी जुना: विचारावे. ‘पुस्तकाविषयी कुठे कळलं?’ हा प्रश्न प्रत्येक मागणीला, स्टॉलवर प्रत्येक गिऱ्हाइकाला, आणि दोन-तीन उत्तरे आली तर सगळी लिहून घ्यावीत. महानुभावांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलेच. पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभट ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे गेले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत राहिले. कोणाकडून कळले हे विचारण्याची शिस्त या मातीला परकी नाही. माणसाची स्मृती चुकते हे खरे, पण लिंकही चुकते, आणि दोघी वेगवेगळ्या जागी चुकतात म्हणून दोन्ही एकत्र पाहिल्यावर चित्र सुधारते.

दुसरा उपाय अमरावती आणि अकोला ही दोन शहरे आयताच पुरवतात. शंभरेक किलोमीटर अंतरावरची, सारख्या बोलीची, सारख्या पिकांच्या टापूतली, महाविद्यालये-वाचनालये असलेली दोन जिल्ह्यांची ठिकाणे. पंधरा दिवस फेसबुकची जाहिरात फक्त अकोल्यात चालवावी, अमरावतीत बंद. पुढचे पंधरा दिवस उलट. मागण्या मोजायच्या त्या लिंकवरून नव्हे, पत्त्यावरच्या पिनकोडवरून. अकोला शहर ४४४००१ पासून, अमरावती ४४४६०१ पासून. पत्ता तर वाचक स्वतःच देतो. जाहिरात जिथे चालू होती तिथून मागण्या, मग त्या कोणत्याही मार्गाने येवोत, ठळकपणे वाढल्या तर जाहिरात काम करते. दोन्हीकडे सारख्याच राहिल्या तर करत नाही. स्टॉलवर घेणारा, फोन करणारा, मित्राकडून कळलेला, सगळे यात येतात, म्हणून ‘इथे पाहिले तिथे घेतले’ हा आक्षेप उरत नाही. खबरदारी एवढी की मूर्तिजापूर-बडनेरा पट्ट्यातला वाचक दोन्हीकडे जातो-येतो, त्याला मोजणीतून वगळावे. लेखकाचे स्वतःचे गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे मागण्या मुळातच जास्त असतात, म्हणून अदलाबदल केल्याशिवाय निकाल काढू नये. आणि ज्या पंधरवड्यात एका शहरात साहित्य संमेलन किंवा ग्रंथोत्सव आहे तो टाळावा.

पंधरवड्याचा विषय निघाला म्हणून हंगामाविषयी. वऱ्हाडात पैसा वर्षभर सारखा हिंडत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीला घरात येते, कापूस त्यामागोमाग. मृगाच्या तोंडावर पैसा बी-बियाण्यात गुंततो. नोकरदार वाचकाचा महिनाही पहिल्या आठवड्यात वेगळा आणि चौथ्यात वेगळा. डिसेंबरात केलेली जाहिरात जूनच्या जाहिरातीपेक्षा तिप्पट चालली तर त्यात जाहिरातीचे कौतुक कमी आणि बाजारातल्या तेजीचे जास्त. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रदर्शन डिसेंबरअखेरीस भरते. शेतीवरचे पुस्तक त्या दिवसांत जे विकले जाते, त्याची तुलना कोणत्याही लिंकशी करू नये. तुलना करायचीच तर मागच्या डिसेंबराशी.

तिसरा आक्षेप असा की इथला खरा पुस्तकबाजार मुळातच मोबाइलबाहेरचा आहे. गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव, शेगावची गर्दी, नागपूरची दीक्षाभूमी, अकोल्याचा धम्ममेळावा इथे जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून छोटी पुस्तके हातोहात जातात. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला जी पुस्तकविक्री होते तिच्यात मोठ्या प्रकाशकांच्या बरोबरीने लेखक-प्रकाशकांचीही पुस्तके असतात. तिथे कोण क्लिक करतो? कोणी नाही. तिथेच खूण मागणीवर लावण्याचा फायदा दिसतो, कारण मागणीला क्लिकची गरजच नाही. स्टॉलवर विकलेल्या प्रतीच्या आत त्या मेळाव्याची खूण असलेली चिठ्ठी घातली की पुढची मागणी (दुसरे पुस्तक, मित्रासाठी प्रत, वाचनालयासाठी पाच प्रती) कोणत्या मेळाव्याच्या पोटातून आली ते कळते. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला तो कोणा बड्या प्रकाशकाच्या भरवशावर नाही. नागपुरात कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार मिळवून, गावोगाव एजंट हिंडवून तेवीस खंड निघाले, आणि १९२७ मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी त्या सगळ्या उद्योगाची हकीकत लिहिली. अशा व्यवस्थेत वर्गणीदार कोणाच्या हातून आला हे पावतीपुस्तकच सांगते. आजचा लेखक एजंट ठेवू शकत नाही, पण पावतीपुस्तकातला तो एक रकाना ठेवू शकतो.

चौथा आक्षेप वाङ्मयाच्या बाजूने येतो: पुस्तक म्हणजे साबणाची वडी नव्हे, त्याचे असे मोजमाप कसले? अर्धा आक्षेप मान्य करावा लागतो. सुरेश भट अमरावतीचे. त्यांची गझल मैफलींतून, रेडिओवरच्या गाण्यांतून, वहीत उतरवून घेतलेल्या ओळींतून पसरली. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये आला तेव्हा त्याच्या एखाद्या वाचकापर्यंत तो कोणत्या वाटेने पोचला हे कोणत्या खुणेने कळले असते? तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय खेडोपाडी सामुदायिकपणे वाचले जातात. एका प्रतीला एक वाचक हे समीकरण तिथे लागूच पडत नाही. गावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयातली एक प्रतही तशीच, हिशेबात एक आणि वाचणारे वीस. तेव्हा खुणेने जे मोजले जाते तो पुस्तकाचा प्रभाव नव्हे. लेखकाचे पंधराशे रुपये आणि रविवारचा एक दिवस कुठे खर्ची पडला, एवढेच ते मोजमाप आहे. आक्षेपाचा दुसरा अर्धा मात्र उलटवता येतो. खर्च न मोजणारा लेखक व्यापारापासून मुक्त होत नाही. त्याच्या वतीने दुसरा कोणीतरी व्यापार करतो: ‘तुमचे पुस्तक हजारो वाचकांपर्यंत पोचवतो’ म्हणून पॅकेज विकणारा, आणि मग क्लिकांचा रंगीत आलेख पाठवून देणारा. त्या आलेखाला विचारायचा प्रश्न एकच असतो आणि तो वहीशिवाय विचारता येत नाही: मागण्या किती? खरा धोका दुसरीकडे आहे. ज्या कवितेला जास्त मेसेज आले तशाच कविता लिहायचा मोह होतो. म्हणून मोजणी प्रसाराच्या मार्गांची करावी, मजकुराची करू नये, आणि पुढचे पुस्तक लिहिताना ती वही कपाटात ठेवावी.

वहीत माणसांची नावे, नंबर आणि पत्ते जमतात, त्यांचेही उत्तर द्यावे लागते. ज्याने एका पुस्तकासाठी पत्ता दिला त्याने दर रविवारी सुविचार मागितलेले नसतात. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा संमतीचे तत्त्व मांडतो. दोनशे नंबर फोनमध्ये ठेवणाऱ्या लेखकापर्यंत तो उद्या पोचो न पोचो, त्यातले तत्त्व साध्या शिष्टाचाराचे आहे. खुणेची पद्धत इथे सोयीचीच ठरते. मागणीवरची खूण ग्रुपचे किंवा मेळाव्याचे नाव सांगते, माणसाचा माग काढत नाही. अकोल्याच्या शिक्षकांच्या ग्रुपची लिंक फॉरवर्ड होत पिंपरीतल्या कोणा भाच्याकडे गेली आणि त्याने पुस्तक मागवले, तरी खूण अकोल्याचीच राहते आणि पिनकोड पिंपरीचा. वाट कुठून सुरू झाली आणि कुठे संपली हे दोन्ही कळते, मधल्या माणसांची नावे कळत नाहीत आणि कळण्याचे कारणही नाही. हिशेब झाला की नंबर पुसावेत, खूण आणि पिनकोड तेवढे ठेवावेत.

राहिला प्रश्न पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काय छापायचे याचा. मेसेजमधली लिंक दोन दिवस जगते, छापलेला कोड पुस्तकाइतका जगायला हवा. गूगलची लिंक छोटी करण्याची सेवा २००९ मध्ये सुरू झाली, पुढे नव्या लिंकांसाठी बंद झाली, आणि २०२४ मध्ये जुन्या लिंकाही ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत असे जाहीर झाले. नंतर वापरात असलेल्या लिंका चालू ठेवण्याचे ठरले, पण ज्यांनी त्या छापील पानावर दिल्या होत्या त्यांचा जीव टांगणीला लागलाच. वर्षाची वर्गणी घेऊन ‘बदलता येणारा’ क्यूआर देणाऱ्या कंपन्यांचेही तसेच, वर्गणी थांबली की कोड मुका होतो. म्हणून शेवटच्या पानावर मध्ये व्हॉट्सॲपखेरीज कोणाची सेवा नसलेला, थेट लेखकाच्या नंबराची क्लिक-टू-चॅट लिंक असलेला क्यूआर निदान दोन सेंटिमीटरचा छापावा आणि त्याखाली नंबर व पोस्टाचा पत्ता अक्षरांत द्यावा. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव श्रेयनामावलीत स्पष्ट असावे, लेखकच प्रकाशक असला तरी. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या ज्ञान पोस्टने पुस्तक पाठवायला यांतले निदान एक नाव लागते, आणि तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये अधिक कर हा दर छोट्या पुस्तकाला दुसरीकडे मिळणे कठीण. त्या पाकिटालाही माग काढायचा नंबर मिळतो, तो वहीत मागणीच्या खुणेशेजारी लिहावा. दुसरी आवृत्ती निघाली की शेवटच्या पानावरच्या कोडमधली खूण बदलावी, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या प्रतींतून अजून मागण्या येतात का हे वेगळे दिसत राहील.